विवाह आणि शेतकऱ्याचे दप्तर

आमच्या खानदेशात लग्नाच्या खर्चाविषयी पुष्कळ बोलले जाते. मांडव, जेवणावळी, देणेघेणे यांचा हिशेब वर्षानुवर्षे तोंडपाठ असतो. परंतु लग्न झाल्यावर कोणत्या दप्तरात काय नोंदवावयाचे, हा विचार शंभरात दहा घरीही होत नाही. तो विचार प्रथम होतो तो घरातील कर्ता पुरुष गेल्यावर. आणि त्या वेळी त्याची किंमत बहुधा विधवेस किंवा सासरी गेलेल्या बहिणीस मोजावी लागते.

महसूल खात्यात कारकुनी करीत असताना एक गोष्ट आमच्या वारंवार पाहण्यात आली. विवाहाने नाते उत्पन्न होते, हक्कही उत्पन्न होतात, परंतु कागदास ते आपोआप कळत नाही. शिवाय सरकारची निरनिराळी दप्तरे पती-पत्नीकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहतात. एका दप्तरात ती दोन माणसे असतात, तर दुसऱ्यात एकच कुटुंब. हा भेद ध्यानी नसल्यामुळे भले भले खातेदार फसतात. सबब शेतकरी बंधूंच्या उपयोगासाठी हा विषय येथे क्रमाने मांडीत आहोत.

एकच जोडपे, तीन हिशेब

आयकराच्या दप्तरात पती आणि पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते होत. अमेरिकेत किंवा जर्मनीत पती-पत्नीस इच्छा असल्यास एकच संयुक्त पत्रक भरता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. प्रत्येकाचा पॅन क्रमांक वेगळा, उत्पन्न वेगळे, पत्रक वेगळे.

जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा महाराष्ट्राचा १९६१ चा कायदा याच्या नेमका उलट चालतो. त्यात पती, पत्नी, अज्ञान मुलगे व अज्ञान अविवाहित मुली मिळून एकच ‘कुटुंब घटक’ धरला जातो. बारमाही बागायत १८ एकर आणि कोरडवाहू ५४ एकर ही जी मर्यादा आहे, ती या सर्वांच्या एकत्रित जमिनीस लागू होते. तेव्हा अर्धी जमीन पत्नीच्या नावे केली म्हणजे मर्यादा दुप्पट झाली, हा समज साफ चुकीचा आहे.

तिसरा हिशेब २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा. येथेही पती, पत्नी व अज्ञान अपत्ये हे एकच कुटुंब समजले जाते आणि वर्षास ६,००० रुपये कुटुंबास एकदाच मिळतात. दोघांच्या नावे स्वतंत्र खाते उतारे आहेत म्हणून दोघांनी अर्ज केल्यास एकाची रक्कम परत भरण्याची पाळी येते. तसेच कुटुंबातील एखाद्याने मागील आकारणी वर्षात आयकर भरला असल्यास त्या कुटुंबास हा निधी मिळत नाही. मग कर भरणारी व्यक्ती पती असो वा पत्नी.

आयकरासंबंधी

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु ज्यास शेतीखेरीज दुसरे उत्पन्न आहे त्याने पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा. समजा, यावल किंवा रावेर भागातील एका केळी बागायतदाराचे तालुक्याच्या गावी खतांचे दुकान आहे. दुकानाचे उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे गेले आणि शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असले, म्हणजे शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरविण्यापुरते हिशेबात धरले जाते. शेतीवर कर बसत नाही, पण दुकानाच्या उत्पन्नावरील दर चढू शकतो.

आता हा गृहस्थ कर वाचविण्यासाठी पाच लक्ष रुपये पत्नीच्या नावे मुदत ठेवीत ठेवतो. पत्नीस दिलेल्या देणगीवर कर नाही, हे खरे. परंतु त्या ठेवीचे व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. मोबदल्यावाचून पत्नीस दिलेल्या मिळकतीचे उत्पन्न देणाऱ्याचेच समजावे, असा नियम १९६१ च्या आयकर कायद्यात होता व २०२५ च्या नव्या कायद्यातही तो राखला आहे. हाच नियम सासऱ्याने सुनेस दिलेल्या मिळकतीसही लागतो, हे एकत्र कुटुंबवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. अज्ञान मुलांच्या ठेवींचे व्याजही आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात धरले जाते. विवाह तुटला असल्यास मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या उत्पन्नात.

याउलट पत्नीचे स्त्रीधन, माहेरून वारशाने आलेली जमीन, तिच्या स्वतःच्या कष्टाची अगर विद्येची कमाई, यांवर पतीच्या हिशेबाचा काही संबंध नाही. म्हणून ही मिळकत कोठून आली याचा कागद जपून ठेवावा. दागिने मोडून शेळ्या किंवा शिवणयंत्र घेतले असेल तर सराफाची पावती फेकून देऊ नये. पुढे तीच साक्ष देते.

हिंदू अविभक्त कुटुंब हा आयकरात स्वतंत्र करदाता मानला जातो. वाटणीत वडिलोपार्जित वाटा मिळालेला एकटा अविवाहित पुरुष म्हणजे अविभक्त कुटुंब नव्हे. विवाह होऊन पत्नी घरी आली म्हणजे कुटुंब होते. मात्र केवळ अशा नावाचे बँकेत खाते उघडल्याने स्वकष्टार्जित मिळकत कुटुंबाची ठरत नाही.

शेजारचे उदाहरण

विवाहाने मिळकतीवर काय परिणाम होतो, हे सर्वत्र सारखे नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील नागरी कायदा अद्याप चालू आहे. तेथे विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक होते. म्हणून तेथील अशा दांपत्याचे पगाराखेरीज इतर उत्पन्न आयकरासाठी निम्मे निम्मे विभागले जाते.

आमच्याकडील पुष्कळ भगिनींची समजूत अशी असते की लग्न झाले म्हणजे पतीच्या निम्म्या शेतावर आपला हक्क चढला. ती समजूत गोव्यात बहुतांशी खरी ठरेल. जळगाव-धुळ्यास ठरत नाही. पती जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वकष्टार्जित जमिनीत पत्नीची मालकी नसते. वडिलोपार्जित जमिनीची बाप-लेकांत वाटणी झाली तर आपल्या प्रांतातील हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे पत्नीस मुलाएवढा वाटा मिळतो. पण तिला स्वतः होऊन वाटणी मागता येत नाही.

खातेदार गेल्यावर

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता मयत झालेल्या पुरुषाची आई, विधवा, मुलगे व मुली हे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचे वाटे समान आहेत. एका खातेदाराची स्वकष्टाने घेतलेली ८ एकर, म्हणजे ३२० गुंठे जमीन आहे. मागे आई, विधवा, एक मुलगा आणि लग्न झालेल्या दोन मुली आहेत. वाटे पाच, प्रत्येकाचा वाटा ६४ गुंठे, म्हणजे १ एकर २४ गुंठे. मुलींची लग्ने झाली म्हणून त्यांचा वाटा एका गुंठ्यानेही कमी होत नाही. विधवेने पुढे पुनर्विवाह केला, तरी एकदा वारशाने आलेला वाटा तिच्याकडून जात नाही.

हा हक्क झाला. परंतु नोंद? जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४९ प्रमाणे हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यावयाची असते. वर्दीची लेखी पोच मागून घ्यावी. ती देणे त्यांचे कर्तव्य आहे. वारसांची चौकशी गाव नमुना ६-क मध्ये होते, फेरफार नमुना ६ मध्ये लिहिला जातो, हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकत आल्यास ती नमुना ६-अ मध्ये चढते, आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात. निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतसाहेबांकडे, अपील करता येते. आता ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही वारस अर्ज देता येतो.

इतकी सोपी वाट असता पिढ्यान् पिढ्या मयताचेच नाव उताऱ्यावर राहते. हा प्रकार इतका वाढला की २०२५ साली राज्य सरकारास ‘जिवंत सातबारा’ ही खास मोहीम काढून मयतांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घ्यावे लागले.

आमच्या पाहण्यातील एक प्रकरण, गाव व नावे गाळून, येथे देतो. तिघा भावांची जमीन. उताऱ्यावर थोरल्याचे एकट्याचे नाव आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटा भाऊ विहिरीचे काम करताना गेला. मागे तेवीस वर्षांची पत्नी व दोन मुले. थोरला भाऊ सज्जन होता. धान्य, कपडे, मुलांची शाळा यांत त्याने कधी उणे पडू दिले नाही, म्हणून कागदाची आठवण कोणास झाली नाही. पुढे थोरलाही वारला आणि उताऱ्यावर त्याच्या मुलांची नावे चढली. त्यानंतर गारपिटीची मदत आली ती त्यांच्या खात्यात. सोसायटीने विधवेस पीककर्ज नाकारले, कारण तिच्या नावे एक गुंठाही दिसत नव्हता. तिचा हक्क बुडालेला नव्हता, पण तो सिद्ध करावयास तिला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि त्यात मुलांच्या शिक्षणाची वर्षे गेली. कोणी लबाडी केली नव्हती. केवळ एक वर्दी द्यावयाची राहिली होती.

उताऱ्यावर नाव कोणत्या रकान्यात आहे हेही पाहावे. जुन्या फेरफारांत मुलगा कब्जेदार सदरी आणि आई व बहिणी ‘इतर अधिकार’ सदरी, अशी वहिवाट होती. वारस हा मालक होय. त्याचे नाव कब्जेदार सदरीच पाहिजे. मुले अज्ञान असल्यास त्यांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईचे नाव लागते. मुले सज्ञान झाल्यावर तो शेरा अर्ज करून काढून घ्यावा.

सासरी गेलेली मुलगी

मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क लग्नावर अवलंबून असण्याचा एक काळ महाराष्ट्रात होऊन गेला. राज्याने २२ जून १९९४ पासून मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः वाटा दिला. परंतु त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले तिला वगळले. एकाच घरात थोरली बहीण बाहेर आणि धाकटी आत, असा विलक्षण प्रकार त्यामुळे घडे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद संपला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात असेही ठरविले की, २००५ साली बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी पुन्हा उकरता येत नाही.

आखाजीस लेकीबाळी माहेरी येतात. झोके, गाणी, सांजोऱ्या आटोपल्या म्हणजे पुष्कळ घरी तलाठ्याचे नाव काढले जाते आणि बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडू नये असे आमचे म्हणणे नाही. भावावर लोभ असतो, माहेर तुटू नये ही इच्छा असते. तो तिचा अधिकार आहे. परंतु तिला कागद वाचून दाखवावा, कोणत्या गटाचे किती क्षेत्र ती सोडते हे सांगावे, आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. चावडीवर दिलेल्या साध्या जबाबाने स्थावराचा हक्क सुटत नाही. असा कच्चा कागद पुढे बहिणीच्या मुलांनी उघडला म्हणजे भावाच्या मुलांसच ते जड जाते. सरळ वागण्यात भावाचाही फायदा आहे.

नावाचा घोटाळा

आपल्या प्रांतात विवाहाने स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. कित्येक घरी तिचे पहिले नावही बदलतात. त्यामुळे माहेरच्या उताऱ्यावर एक बाई, शाळेच्या दाखल्यावर तीच, आणि आधार पत्रावर मात्र दुसरीच, असे होते. २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांस शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला आणि उतारा व आधार यांतील ही तफावत जागोजागी आडवी आली.

येथे तीन गोष्टी सांगतो. पहिली, पतीचे नाव लावलेच पाहिजे असा कायदा नाही. दुसरी, पॅन क्रमांक विवाहाने बदलत नाही. नवा काढू नये, नावाची दुरुस्ती तेवढी करावी. त्या पत्रावर विवाहित स्त्रीच्याही पित्याचेच नाव असते, पतीचे नव्हे. तिसरी, मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने विवाहित स्त्रीस मालमत्तेच्या दस्तांत विवाहापूर्वीचे नाव नोंदविण्याची मुभा दिली आहे.

दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे दाखविणारा उत्तम पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंद ९० दिवसांच्या आत करावयाची असते, आणि ग्रामपंचायतीतच ती होते. पत्रिका, छायाचित्रे व साक्षीदार त्या वेळी हाताशी असतात. वीस वर्षांनी भटजीही सापडत नाहीत.

फारकत आणि दुसरा विवाह

माहेरी राहणारी पत्नी, जिचा घटस्फोट झालेला नाही, ती पतीच्या पश्चात त्याची विधवाच होय आणि वारसही होय. कायदेशीर घटस्फोट झालेली स्त्री वारस नव्हे. स्टँपाच्या कागदावर पंचांसमक्ष लिहिलेली फारकत सर्वत्र चालते, अशी समजूत आहे; ज्या जातीत तशी रूढी पुराव्याने सिद्ध होते तेथेच ती टिकते. पहिली पत्नी हयात व विवाह कायम असता केलेला दुसरा विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल आहे. त्या स्त्रीस वारसा नाही. तिची मुले मात्र औरस मानली जातात आणि बापाच्या वाट्यात वारस होतात. वारस नोंदीच्या वेळी अशी नावे दडवू नयेत; दडविलेले नाव पुढे खटला होऊन उभे राहते.

मुसलमान बांधवांस त्यांचा स्वतंत्र कायदा लागू आहे. त्यात मुले असल्यास विधवेचा वाटा एक अष्टमांश व नसल्यास एक चतुर्थांश असतो. भिल्ल, पावरा इत्यादी अनुसूचित जमातींस १९५६ चा वारसा कायदा लागू होत नाही. त्यांनी आपल्या प्रकरणी तहसील कचेरीत व जाणत्या वकिलाकडे विचारणा करूनच पाऊल टाकावे.

हयातीतच नाव लावणे

वरील बहुतेक संकटांवर एक उपाय आमच्याच जिल्ह्याने पूर्वी दाखविला आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ उभारली व शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग आपण होऊन गृहलक्ष्मीच्या नावे करावा असे आवाहन केले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर या गावी शंभराहून अधिक कुटुंबांनी तसे केले. पुढे १९९२ साली राज्य सरकारने परिपत्रक काढून, पतीची संमती असल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून उताऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली.

एक खुलासा मात्र अवश्य करितो. फेरफार ही महसुलाच्या सोयीची नोंद आहे. ती स्वतः मालकी निर्माण करीत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. म्हणून मालकी द्यावयाची असल्यास बक्षीसपत्र करून नोंदवावे. शेतजमीन पत्नी, मुलगा, मुलगी यांस बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणी फी व इतर आकार दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्यावेत. या व्यवहाराने कर किंवा कमाल मर्यादा चुकत नाही, हे वर सांगितलेच आहे. तो करावयाचा तो पत्नी उद्या पोरकी होऊ नये म्हणून.

सारांश

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी या हंगामातच कराव्यात. आपला सात-बारा व आठ-अ काढून त्यावर मयतांची नावे, ‘ए. कु. मॅ.’ असे शेरे आणि चुकीच्या रकान्यातील आई-बहिणींची नावे आहेत काय ते पाहावे. घरातील विवाहांची नोंद झाली नसल्यास करून घ्यावी. बँक, सोसायटी व विमा येथील नामनिर्देशन विवाहानंतर बदलले आहे काय ते तपासावे. आणि बँक व सोसायटी येथील नामनिर्देशित इसम रक्कम स्वीकारणारा असतो, मालक वारसच असतात, हे घरच्यांस समजावून द्यावे. सर्व दाखले एका पिशवीत ठेवावेत आणि ती पिशवी कोठे आहे हे पत्नीस सांगावे.

ही शेवटची सूचना वाचून काही बंधू हसतील. परंतु पतीच्या पश्चात चावडीवर आलेल्या कित्येक भगिनींस आपल्या शेताचा गट क्रमांकही सांगता येत नसे. ज्या शेतात तिने वीस वर्षे निंदणी केली, त्याचा क्रमांक तिला ठाऊक असणे हे काही फार मागणे नव्हे.